लिंबूवर्गीय फळांच्या प्रक्रिया-अवशेषांतून संयुगांची पुनर्प्राप्ती

संत्रे, मोसंबी, लिंबू, ग्रेपफ्रूट इत्यादी लिंबूवर्गीय फळांचा रस काढल्यानंतर साल, चोथा, पाकळ्यांचे पापुद्रे आणि बिया उरतात. त्यांच्यापासून बाष्पनशील तेल, पेक्टिन, फ्लॅवोनॉइडे, आहारतंतू आदी उपयुक्त पदार्थ वेगळे करण्याच्या औद्योगिक प्रक्रियांना एकत्रितपणे अवशेषांतील संयुगांची पुनर्प्राप्ती असे म्हणतात. हे पदार्थ खाद्य, औषध, सौंदर्यप्रसाधन आणि स्वच्छता-रसायन या उद्योगांत वापरले जातात. एकाच सालीत अनेक मौल्यवान घटक असले, तरी एक घटक काढण्याची पद्धत अनेकदा दुसऱ्याचा नाश करते. त्यामुळे घटक कोणत्या क्रमाने काढावयाचे, हा या क्षेत्रातील मूलभूत तांत्रिक प्रश्न आहे.

== अवशेषांचे स्वरूप ==

रसासाठी वापरलेल्या संत्र्याच्या वजनापैकी सुमारे निम्मा भाग अवशेष म्हणून उरतो. ताज्या अवशेषात साधारण ८० टक्के पाणी असते. उरलेल्या शुष्क भागात विद्राव्य शर्करा, पेक्टिन, सेल्युलोज, हेमिसेल्युलोज, थोडी प्रथिने, सेंद्रिय अम्ले, फ्लॅवोनॉइडे आणि बाष्पनशील तेल यांचा समावेश होतो. लिग्निनचे प्रमाण लाकूड किंवा पेंढ्याच्या तुलनेने अल्प असल्याने या अवशेषाचे विघटन सहज होते. हाच गुण प्रक्रियेस सोयीचा आणि साठवणुकीस गैरसोयीचा ठरतो.

सालीचे दोन थर असतात. बाहेरील रंगीत थरात तेलाच्या सूक्ष्म ग्रंथी आणि कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये असतात. आतील पांढऱ्या, स्पंजासारख्या थरात पेक्टिन व फ्लॅवोनॉइडे विपुल असतात. बियांत स्थिर तेल आणि लिमोनॉइड वर्गातील कडू संयुगे आढळतात. या वर्गातील लिमोनिन हे कडू द्रव्य आणि सालीच्या तेलातील लिमोनीन हे सुगंधी द्रव्य यांची नावे सारखी असली, तरी ती भिन्न संयुगे आहेत.

रस काढल्यानंतर सालीतील पेशी फुटलेल्या असतात. मोकळी झालेली शर्करा किण्व व बुरशी यांना पोषक ठरते, तर सालीतीलच पेक्टिनएस्टरेज हे एंझाइम पेक्टिनच्या रेणूंमध्ये बदल घडवू लागते. त्यामुळे पेक्टिनसाठी राखलेली साल लवकरात लवकर उष्णतेने निष्क्रिय करून, पाण्याने धुऊन वाळवावी लागते. ओली साल काही दिवस पडून राहिल्यास ती पेक्टिन-उद्योगाच्या दृष्टीने कच्चा माल राहत नाही.

== इतिहास ==

लिंबाच्या सालीतील तेल काढण्याची कला दक्षिण इटलीत जुनी आहे. सिसिलीत कामगार साल हाताने स्पंजावर दाबत व स्पंजात शोषले गेलेले तेल पिळून घेत. पुढे साल खरवडून तेल पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन घेणारी यंत्रे प्रचारात आली.

इ.स. १७८४ मध्ये स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल विल्हेल्म शेले यांनी लिंबाच्या रसातून सायट्रिक अम्ल स्फटिकरूपात वेगळे केले. त्यानंतरच्या शतकात इटलीतील लिंबांचा रस चुन्याशी संयोग पावून बनलेले कॅल्शियम सायट्रेट हा सायट्रिक अम्लाच्या उद्योगाचा प्रमुख आधार होता. १९१७ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जेम्स करी यांनी ॲस्परजिलस नायजर या बुरशीच्या साहाय्याने शर्करेपासून सायट्रिक अम्ल कार्यक्षमतेने तयार करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. १९१९ मध्ये अमेरिकेत या पद्धतीवर आधारित औद्योगिक उत्पादन सुरू झाले आणि फळांपासून सायट्रिक अम्ल मिळविण्याचा व्यवसाय मागे पडला. नैसर्गिक स्रोतातून मिळणारे संयुग किण्वनाने स्वस्तात बनू लागल्यास पुनर्प्राप्तीचा संपूर्ण उद्योग कसा कोलमडू शकतो, याचे हे ठळक उदाहरण मानता येते.

१८२५ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो यांनी फळांतील गोठणाऱ्या द्रव्याचा अभ्यास करून त्यास पेक्टिन हे नाव दिले. या नावाचे मूळ ‘घट्ट झालेला’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी जॅम-उद्योगाच्या मागणीमुळे सफरचंदाच्या चोथ्यापासून पेक्टिनचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. नंतर लिंबूवर्गीय साल हा त्याचा सर्वांत महत्त्वाचा स्रोत बनला.

हेस्पेरिडिन हे फ्लॅवोनॉइड १८२८ मध्ये लब्रेताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने संत्र्याच्या सालीतील पांढऱ्या थरातून वेगळे केले. १९३६ मध्ये हंगेरियन शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबातील फ्लॅवोनॉइडांच्या मिश्रणास ‘पी जीवनसत्त्व’ असे संबोधले. या पदार्थांच्या अभावाने निश्चित असा रोग होत असल्याचे सिद्ध न झाल्याने ही संज्ञा पुढे सोडून देण्यात आली.

== प्रमुख संयुगे ==

=== बाष्पनशील तेल व लिमोनीन ===

संत्र्याच्या सालीतील तेलात ९० टक्क्यांहून अधिक भाग डी-लिमोनीन या टर्पीनाचा असतो. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे १७६ अंश सेल्सिअस आहे. साल दाबून काढलेल्या तेलाचा पाण्याशी पायस बनतो व तो अपकेंद्री यंत्राने वेगळा केला जातो. उष्णता न दिल्याने या तेलाचा मूळ सुगंध टिकतो आणि त्याला अधिक भाव मिळतो. उरलेल्या सालीतील लिमोनीन वाफेच्या साहाय्याने ऊर्ध्वपातित करून मिळविले जाते.

तेलातील खास संत्र्याचा वास प्रामुख्याने अल्प प्रमाणातील अल्डिहाइडे व एस्टरे यांच्यामुळे येतो. म्हणून सुगंध-उद्योगात लिमोनीनचा काही अंश काढून तेल ‘घट्ट’ केले जाते, तर वेगळे काढलेले लिमोनीन वंगण व चिकटपणा काढणारे विद्रावक म्हणून विकले जाते. ओझोन थरास घातक असलेल्या क्लोरोफ्ल्युरोकार्बनांचा वापर घटविण्यात आल्यानंतर इलेक्ट्रॉनिक भागांच्या स्वच्छतेसाठी टर्पीनयुक्त विद्रावकांचा पर्याय पुढे आला.

=== पेक्टिन ===

पेक्टिन हे वनस्पतींच्या पेशीभित्तिकांतील बहुशर्करा असून त्याचा कणा गॅलॅक्ट्युरॉनिक अम्लाच्या एककांचा असतो. वाळलेल्या लिंबूवर्गीय सालीत साधारणपणे २० ते ३० टक्के, तर वाळलेल्या सफरचंदाच्या चोथ्यात १० ते १५ टक्के पेक्टिन असते. ज्या पेक्टिनात निम्म्याहून अधिक अम्लगट मिथिल एस्टराच्या रूपात असतात, ते साखर व आंबटपणा यांच्या उपस्थितीत गोठते आणि जॅम-जेलीसाठी वापरले जाते. एस्टर-प्रमाण कमी असलेले पेक्टिन कॅल्शियमच्या सान्निध्यात गोठते. त्यास साखरेची गरज नसल्याने कमी साखरेच्या पदार्थांत त्याचा उपयोग होतो. खाद्य-समावेशक म्हणून पेक्टिनचा आंतरराष्ट्रीय क्रमांक ४४० आहे.

=== फ्लॅवोनॉइडे ===

गोड संत्रे व मँडरिन संत्रे यांत हेस्पेरिडिन, तर ग्रेपफ्रुटात नॅरिंजिन हे प्रमुख फ्लॅवोनॉइड असते. हेस्पेरिडिन जवळजवळ चवहीन असून पाण्यात फारच कमी विरघळते, तर नॅरिंजिन कडू असून गरम पाण्यात बऱ्यापैकी विरघळते. हेस्पेरिडिनपासून डायोस्मिन हे औषधी द्रव्य तयार केले जाते. ते काही देशांत पायांच्या शिरांच्या जुनाट विकारांवर व मूळव्याधीवर दिले जाते. कोवळ्या फळांत हेस्पेरिडिनचे प्रमाण पक्व फळांपेक्षा अधिक असल्याने अकाली गळून पडलेली वाळकी फळे हाही त्याचा एक स्रोत आहे.

१९६० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यातील रॉबर्ट होरोविट्झ व ब्रूनो जेंटिली यांना असे आढळले की, कडू लिंबूवर्गीय फ्लॅवोनॉइडांमध्ये रासायनिक बदल केल्यास तीव्र गोड द्रव्ये मिळतात. त्यांपैकी निओहेस्पेरिडिन डायहायड्रोकॅल्कोन हे साखरेपेक्षा शेकडो पट गोड असून युरोपीय संघात त्यास ई ९५९ हा क्रमांक आहे.

=== तंतू व इतर घटक ===

तेल व शर्करा काढून वाळविलेल्या चोथ्याची पूड पाणी मोठ्या प्रमाणात धरून ठेवते. बेकरीचे पदार्थ, सॉस व मांसपदार्थ यांत ती घट्टपणासाठी मिसळली जाते. सालीतील सेल्युलोजपासून वस्त्रतंतू बनविण्याचा प्रयोग सिसिलीत व्यापारी पातळीवर झाला आहे. तेथे रस काढल्यानंतरच्या अवशेषास ‘पास्तात्सो’ असे म्हणतात.

== निष्कर्षणाचा क्रम ==

बाष्पनशील तेल प्रथम काढण्याची दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे वाळविताना व शिजविताना ते उडून जाते. दुसरे म्हणजे लिमोनीन सूक्ष्मजीवांना मारक असते. ०.०५ ते ०.१५ टक्के इतक्या अल्प प्रमाणातही ते मद्यार्क तयार करणाऱ्या किण्वाची वाढ रोखू शकते आणि बायोगॅस संयंत्रातील मिथेन निर्माण करणारे सूक्ष्मजीवही त्याने मंदावतात. साहजिकच तेल न काढलेली साल बायोगॅस किंवा इथेनॉल यांसाठी अयोग्य ठरते. तेलाची पुनर्प्राप्ती ही अशा प्रकारे पुढील सर्व उपयोगांची पूर्वअटही आहे.

दुसऱ्या टप्प्यात पेक्टिन काढले जाते. धुतलेली साल सामू १.५ ते ३ असलेल्या गरम, सौम्य अम्लद्रावणात ठेवल्यास पेशीभित्तिकांना बांधून असलेले पेक्टिन सुटे होते. नायट्रिक, हायड्रोक्लोरिक किंवा सल्फ्युरिक अम्ल या कामी वापरले जाते. तापमान साधारण ६० ते १०० अंश सेल्सिअस असते. काळ अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत ठेवला जातो. अम्ल अधिक तीव्र किंवा काळ अधिक झाल्यास पेक्टिनच्या लांब साखळ्या तुटतात आणि त्याची गोठविण्याची शक्ती घटते. द्रावण गाळून त्यात इथेनॉल किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळले की पेक्टिन तंतुमय साक्याच्या रूपात खाली बसते. तो साका दाबून, वाळवून दळला जातो आणि अल्कोहोल ऊर्ध्वपातनाने परत मिळविले जाते.

हेस्पेरिडिनच्या निष्कर्षणासाठी याउलट अल्कधर्मी माध्यम लागते. साल चुन्याच्या किंवा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात भिजवून सामू ११ ते १२ पर्यंत नेल्यास हेस्पेरिडिन विरघळते. गाळलेले द्रावण आम्ल केल्यावर त्याचे स्फटिक बनतात. मात्र अल्कधर्मी माध्यमात पेक्टिनचे एस्टर-गट सुटतात व साखळ्याही तुटतात. म्हणून ताज्या सालीवर प्रथम चुना वापरला, तर जॅमसाठी योग्य असे पेक्टिन मिळत नाही. प्रथम अम्लाने पेक्टिन काढले, तर पाण्यात न विरघळणारे हेस्पेरिडिन बहुतांशी चोथ्यातच राहते व नंतर वेगळे करता येते. नॅरिंजिन मात्र गरम पाण्याबरोबर जात असल्याने ग्रेपफ्रुटाच्या सालीसाठी हा क्रम जसाच्या तसा लागू पडत नाही.

हाच संघर्ष पशुखाद्याच्या बाबतीतही दिसतो. ब्राझील व फ्लोरिडा येथील रस-उद्योगात सालीचे तुकडे करून त्यांत ०.२ ते ०.५ टक्के चुना मिसळण्याची पद्धत रूढ आहे. चुन्यामुळे पेक्टिनचे कॅल्शियम पेक्टेटात रूपांतर होऊन त्याची पाणी धरून ठेवण्याची क्षमता नाहीशी होते आणि साल दाबून बरेचसे पाणी काढता येते. दाबून निघालेल्या गोड द्रवाची काकवी बनते, तर उरलेला चोथा वाळवून त्याच्या गोळ्या गुरांना खाऊ घातल्या जातात. मोठ्या प्रमाणावरील अवशेष झटपट हाताळण्याचा हा खात्रीचा मार्ग असला, तरी त्यात पेक्टिनचा बळी जातो.

शेवटी उरणारा शर्करायुक्त द्रव व सेल्युलोजयुक्त चोथा किण्वन, बायोगॅस, तंतू-पूड किंवा खत यांसाठी वापरला जातो. सर्व घटकांचा असा टप्प्याटप्प्याने वापर करण्याच्या योजनेस जैव-परिष्करण म्हणतात.

== नव्या पद्धती ==

पारंपरिक पद्धतीत लागणारे अम्ल, पाणी व उष्णता कमी करण्यासाठी अनेक पर्यायांवर संशोधन झाले आहे.

* सूक्ष्मतरंग: सालीतील पाणीच आतून तापत असल्याने निष्कर्षणाचा काळ तासांऐवजी मिनिटांवर येतो. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठात संत्र्याच्या सालीतून लिमोनीन व पेक्टिन अशा प्रकारे काढण्याचे संशोधन झाले आहे.
* श्राव्यातीत ध्वनी: द्रवात निर्माण होणारे सूक्ष्म बुडबुडे फुटताना पेशीभित्तिका विदीर्ण होतात. कमी तापमानात काम होत असल्याने उष्णतेने बिघडणाऱ्या फ्लॅवोनॉइडांसाठी ही पद्धत सोयीची असते.
* अतिक्रांतिक कार्बन डायऑक्साइड: सुमारे ३१ अंश सेल्सिअस तापमान व ७४ बार दाबाच्या वर हा वायू द्रवासारखा विद्रावक बनतो. दाब सोडताच तो निघून जातो व पदार्थात विद्रावकाचा अंश राहत नाही. उच्च दाबाची यंत्रसामग्री खर्चिक असल्याने ही पद्धत महाग तेलांपुरती किफायतशीर ठरते.
* एंझाइमे: सेल्युलेज व तत्सम एंझाइमे पेशीभित्तिका सौम्यपणे उकलतात. त्यांत पेक्टिनचे विघटन करणारे एंझाइम मिसळलेले नसणे आवश्यक असते.

प्रयोगशाळेतील यश व कारखान्यातील वापर यांत मोठे अंतर आहे. प्रयोगात काही ग्रॅम वाळलेली, एकसारखी दळलेली साल वापरली जाते. कारखान्यात मात्र जातीनुसार, पक्वतेनुसार व हंगामानुसार बदलणारी ओली साल टनांच्या हिशेबाने येते. जगातील पेक्टिनचे बहुतांश उत्पादन आजही गरम अम्लाच्या पद्धतीनेच होते.

== ऊर्जा व अर्थकारण ==

पुनर्प्राप्तीचा खर्च प्रामुख्याने पाण्यामुळे वाढतो. ८० टक्के पाणी असलेल्या एक टन सालीत केवळ २०० किलोग्रॅम शुष्क द्रव्य असते. ती १० टक्के आर्द्रतेपर्यंत वाळविण्यासाठी सुमारे ७७८ किलोग्रॅम पाण्याची वाफ करावी लागते. एक किलोग्रॅम पाण्याच्या बाष्पीभवनास सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते, हे धरल्यास एका टनामागे किमान १,७५० मेगाज्यूल, म्हणजे जवळपास ४९० युनिट ऊर्जा खर्ची पडते. प्रत्यक्ष शुष्ककात उष्णतेचा ऱ्हास होत असल्याने हा आकडा अधिक असतो. त्या २०० किलोग्रॅम शुष्क द्रव्यात २५ टक्के पेक्टिन असल्यास मिळकतीची सैद्धांतिक मर्यादा ५० किलोग्रॅम इतकीच राहते.

या गणितामुळे पेक्टिनचे कारखाने एकतर रस-कारखान्याला लागून उभारले जातात व ताजी साल वापरतात, किंवा उगमस्थानी धुऊन वाळविलेली साल विकत घेतात. लॅटिन अमेरिकेतील देशांतून वाळलेली साल युरोपातील पेक्टिन-कारखान्यांकडे निर्यात होते. अर्जेंटिनातील तुकुमान प्रांत हा लिंबू-प्रक्रियेचा मोठा प्रदेश असून तेथे रस, तेल व वाळलेली साल ही तिन्ही उत्पादने घेतली जातात.

पुरवठा रस-उद्योगाच्या प्रकृतीवरही अवलंबून असतो. फ्लोरिडात २००५ मध्ये आढळलेल्या ‘सिट्रस ग्रीनिंग’ या जीवाणुजन्य रोगाने तेथील संत्रा-उत्पादन पुढील दोन दशकांत ९० टक्क्यांहून अधिक घटले. फळच नसल्यावर साल, तेल व पशुखाद्य यांचा पुरवठाही आटतो. उपउत्पादनाची मागणी वाढली म्हणून मुख्य उत्पादन वाढत नाही, ही या व्यवसायाची अंगभूत मर्यादा आहे.

== सुरक्षितता व पर्यावरण ==

फवारलेल्या कीटकनाशकांचे तसेच काढणीनंतर लावलेल्या बुरशीनाशकांचे व मेणाचे अंश मुख्यतः सालीवर राहतात. तेलात विरघळणारी कीटकनाशके दाबून काढलेल्या तेलात एकवटू शकतात. त्यामुळे खाण्याच्या पदार्थांसाठी वापरावयाच्या सालीची तपासणी आवश्यक असते. लिमोनीन ज्वालाग्राही असून हवेशी संयोग होऊन त्याची जी पेरॉक्साइडे बनतात, ती त्वचेस ॲलर्जीकारक ठरू शकतात. बर्गमॉट, कागदी लिंबू इत्यादींच्या सालीच्या तेलातील फ्युरानोकुमरिन वर्गातील द्रव्यांमुळे उन्हात त्वचा भाजल्यासारखी होते.

अवशेष उघड्यावर टाकल्यास त्यातून झिरपणारा अम्ल व शर्करायुक्त द्रव जलस्रोतांतील प्राणवायू घटवितो. तथापि योग्य स्थळी नियंत्रित वापर केल्यास परिणाम वेगळा असू शकतो. कोस्टा रिकातील ग्वानाकास्ते संवर्धन क्षेत्रात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात निकृष्ट कुरणाच्या सुमारे ३ हेक्टर जमिनीवर १२,००० टन संत्र्याची साल व चोथा पसरण्यात आला होता. न्यायालयीन वादामुळे हा उपक्रम थांबला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शेजारील जमिनीच्या तुलनेत तेथे झाडोऱ्याचे जमिनीवरील जैववस्तुमान १७६ टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळले. सालीतून काढलेले संयुग आणि जमिनीला परत न मिळालेले सेंद्रिय द्रव्य, असे दोन्ही बाजूंचे हिशेब मांडण्याची गरज या उदाहरणातून स्पष्ट होते.

पुनर्प्राप्तीची प्रक्रियाही निर्दोष नसते. पेक्टिन-कारखान्यातून आम्लयुक्त सांडपाणी बाहेर पडते. नायट्रिक अम्ल वापरल्यास त्यात नायट्रेट असते आणि सोडण्यापूर्वी त्यावर प्रक्रिया करावी लागते.

== भारत व महाराष्ट्र ==

भारत हा लिंबूवर्गीय फळांच्या प्रमुख उत्पादक देशांपैकी एक असला, तरी येथील बहुतांश फळे ताजी खाल्ली जातात अथवा त्यांचा रस रसवंतीगृहांत व घरी काढला जातो. त्यामुळे साल एका ठिकाणी न साठता घरोघर व बाजारांत विखुरते आणि इतर कचऱ्यात मिसळते. ब्राझीलमधील साओ पाउलोप्रमाणे एकाच फाटकातून हजारो टन साल बाहेर पडण्याची स्थिती येथे नाही. तंत्रज्ञानाइतकाच संकलनाचा प्रश्न त्यामुळे येथे महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्रात विदर्भातील नागपूर व अमरावती हे जिल्हे संत्र्यासाठी, तर मराठवाड्यातील जालना व लगतचा परिसर मोसंबीसाठी प्रसिद्ध आहे. नागपुरी संत्र्यास २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. लिंबूवर्गीय फळांवरील केंद्रीय संशोधन संस्था नागपूर येथे आहे. नागपुरी संत्रे मँडरिन गटातील असून त्याची साल सैल असते व हाताने सहज सुटते. आंबिया बहाराची फळे साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, तर मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाजारात येतात. वर्षातून दोन हंगाम मिळत असल्याने प्रक्रिया-केंद्र चालविण्याचा काळ वाढू शकतो. आंबिया बहारातील फळगळ ही विदर्भातील बागायतदारांची जुनी समस्या असून अशी कोवळी फळे हेस्पेरिडिनचा संभाव्य स्रोत आहेत. मात्र फवारणीच्या अंशांची तपासणी येथेही अनिवार्य ठरते.

संत्र्याच्या सालीचा घरगुती उपयोग महाराष्ट्रात परंपरेने होत आला आहे. उन्हात वाळवून दळलेली साल दिवाळीच्या अभ्यंगस्नानासाठीच्या उटण्यात मिसळली जाते. सालीचे तेल व सुगंधी द्रव्ये वाळविताना बरीचशी उडून जात असली, तरी साल त्वरित वाळवून टिकविण्याचे जे तत्त्व औद्योगिक पुनर्प्राप्तीच्या मुळाशी आहे, तेच या रीतीतही दिसते.